टाकीवरच्या तीन चिंध्या

प्रिय दादा,

परवा मंगळवारी सकाळी बोटीच्या धक्क्यावर, चार माणसांदेखत, तू मला चोर म्हणालास. म्हणून हे पत्र. तुझ्या माझ्या घरांमध्ये एक वळण आणि एक चढ आहे, चहा उकळायच्या आत मी तुझ्या दारात उभी राहू शकते. तरीही कागद घेऊन बसले आहे, यावरून मी किती चिडले असेन ते ओळख. "माझी लाल दोरी हिनं चोरली, माझं इंजिनही हिनंच बिघडवलं, कॉलेजात शिकली म्हणून दिसेल तिथे हात घालते!" हे तुझे शब्द, मी एकही बदललेला नाही. फिटर ऐकत होता, नर्सबाई ऐकत होत्या, पहारेकरी तर खुर्ची ओढून घेऊन ऐकत होता. आणि मी गप्प उभी राहिले. आयुष्यात तुझ्यासमोर मी गप्प उभी राहिल्याचा एक तरी प्रसंग तुला आठवतो का? मलाही आठवत नाही. तेव्हा त्या गप्प राहण्यालाही काही कारण असेल, एवढं तरी मान. दोरीचं शेवटी लिहिते. आधी इंजिन. क्रमानं लिहिणार आहे. यातलं पुष्कळ मला माहीत आहे असं तू म्हणशील. तरी वाच, आणि नेहमीसारखी मधली पानं गाळू नकोस.

इंजिनाची तक्रार काय होती? जोरात पळवलं तर ठीक. वेग कमी करून संथ चालीवर आणलं की थरथर, खोकला, मध्येच एखादा ठोका गिळणं, आणि गिअर टाकला की बंद. वर निळा धूर एवढा की पहारेकरी म्हणायला लागला, दादांची बोट दिसायच्या आधी तिचा वास येऊन पोचतो. हे महिनाभर तरी चाललं होतं. यावर तू काय केलंस? संथ चालीचा स्क्रू पिळलास. इंजिन संथ चालत नाही ना, मग त्याला संथ होऊच द्यायचं नाही. बसलंय आपलं धक्क्याला बांधलेल्या बोटीतसुद्धा गुरगुरत. बाबा सांगायचे, तो स्क्रू म्हणजे औषध नव्हे, आजारी माणसाच्या तोंडाला फासलेली पावडर आहे. मी विसरू नये म्हणून पुढे तूच मला हे ऐकवत आलास, जमेल तेव्हा, जमेल त्याच्यासमोर. आणि तूच पिळलास. मग परवाच्या आधीच्या मंगळवारी नर्सबाईंचा एक पाय धक्क्यावर, एक बोटीत, आणि तू गिअर टाकलास. एवढ्या वेगावर गिअर टाकला तर बोट उडी मारणार, दुसरं काय करणार? बाई कंबरभर पाण्यात, नडगी सोललेली, आणि लसींची पेटी बेटावरच्या दवाखान्याकडे एकटीच निघालेली. पहारेकऱ्यानं बांबूनं ओढून आणली म्हणून वाचली. बाईंच्या नाकातोंडातलं पाणी निघायच्या आत तू जाहीर करून मोकळा झालास, "आमच्या ठिणगीनं मागं कार्बोरेटर उघडला होता. तेव्हापासून हे असंच."

मी साठी उलटलेली बाई आहे. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून केस पांढरे केले, माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज आजोबा व्हायला आली. आणि धक्क्यावर मी अजून "आमची ठिणगी". तेही चालवून घेतलं असतं, कारण नाव तुझ्यामुळेच पडलं. जुन्या इंजिनाच्या प्लगची वायर माझ्यासमोर धरून तू म्हणाला होतास, "धर, धर, काही होत नाही." मी धरली. रडायचं सोडून मी हातातला पाना तलावात भिरकावला आणि बाबांच्या अंगावर गेले, की याला बोला, नाहीतर दुसरा पानाही फेकते. बाबा म्हणाले, "हिला कसला करंट बसतोय, ही स्वतःच ठिणगी." तो पाना अजून धक्क्याखालच्या चिखलात आहे. आणि त्याचा आळ आजतागायत माझ्यावर आहे, वायर धरायला सांगणाऱ्यावर नाही. म्हणजे ही तुझी जुनीच खोड. घडवायचं आपण, आणि नाव ठिणगीचं.

तर नर्सबाई पडल्या त्याच आठवड्यात मी फिटरला घेऊन आले. त्यानं झाकण काढलं, चालू करायची दोरी ओढून इंजिन सुरू केलं, मान वाकडी करून जरा ऐकलं, आणि म्हणाला, "बाई, वय झालं याचं. नवीन घ्या." मी विचारलं, वय झालं म्हणजे नेमकं काय झालं? पिस्टनच्या कड्या झिजल्या? सील गेलं? कॉइल गेली? तो म्हणाला, "तसं नाही हो, एकंदरीत." मी म्हटलं, एकंदरीत हे निदान नव्हे. वय झालं हेही निदान नव्हे, ते न बघण्याचं निमित्त आहे. तुला ठाऊक आहे, तो मनानं वाईट नाही. पण घाई असली की त्याला सगळंच म्हातारं दिसतं. त्याच्याकडून दाब मोजायचा गेज तेवढा मागून घेतला आणि त्याला घरी पाठवलं. मग पहारेकऱ्याच्या मदतीनं इंजिन बोटीच्या मागच्या फळीवरून उतरवलं आणि शेडमध्ये पाण्याच्या पिंपात उभं केलं, म्हणजे चालवलं तरी तापणार नाही. तू दोन वेळा दारात येऊन गेलास. पहिल्यांदा म्हणालास, "मोडून ठेवू नकोस." दुसऱ्यांदाही तेच म्हणालास, त्याच सुरात, जणू मघाशी आलाच नव्हतास. तेव्हा मला वाटलं, मुद्दाम डिवचतोयस.

राग आला की माणूस चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो. बाबा म्हणायचे आधी इंधन, मग ठिणगी, मग बाकीचं. पण तू कार्बोरेटरचं नाव घेतलं होतंस ना, म्हणून मी आधी कार्बोरेटरच उतरवला. वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक भाग मांडला. संथ चालीचं ते बारीक भोक उजेडाकडे धरून बघितलं, स्वच्छ. फ्लोटची सुई नीट बसत होती. वाटीत ना गाळ, ना पाण्याचा थेंब. मी मागच्या खेपेला बसवलेलं गॅस्केट जसंच्या तसं. थोडक्यात, दादासाहेब, ज्या कार्बोरेटरच्या नावानं मला महिनाभर बोल लावलेत, तो तुमच्या कपाटापेक्षा स्वच्छ निघाला. परत बसवला, हवेचा स्क्रू हलक्या हातानं बंद करून दीड फेरा उघडला, आणि तुझा पिळलेला स्क्रू मूळ जागी आणला. इंजिन चालू झालं, खोकलं आणि विझलं. म्हणजे पावडर पुसली आणि खरा चेहरा दिसला.

मग प्लग काढले. दोन्ही काळे, ओले, काजळी आणि तेलात माखलेले. नवे घातले. पंधरा मिनिटं इंजिन असं चाललं की मी विजयाचा चहा करायला ठेवला. चहा गाळेपर्यंत खोकला परत. प्लग काढले तर पुन्हा काळे. आता इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा रागाच्या जागी विचार आला. एक सिलिंडर बिघडला असेल तर दुसरा चांगला असतो. म्हणून भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले (हो, यावेळी मोजे घातले), आणि चालत्या इंजिनाच्या प्लगच्या वायरी आळीपाळीनं काढून बघितल्या. पहिली काढली, चाल पडली. दुसरी काढली, तेवढीच पडली. म्हणजे दोघंही सारखंच काम करत होते आणि सारखेच आजारी होते. गेज लावला, दोन्हींचा दाब चांगला आणि सारखा. सांध्यांवर तेलाचे थेंब सोडून बघितले, कुठून हवा ओढत असेल तर चाल बदलते. बदलली नाही. वर्गात मी मुलांना सांगायची, दोन भाऊ एकाच वेळी आजारी पडले तर त्यांच्या तब्येती बघत बसू नका, ते जेवले काय ते विचारा. दोघांना एकाच ठिकाणाहून जे मिळतं, दोष तिथे. कार्बोरेटर बघून झाला होता. राहिलं इंधन.

टाकी तू बोटीतून आणून शेडच्या कोपऱ्यात ठेवली होतीस, खिडकीखाली, पोत्यावर. मी त्यातलं इंधन पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं. या इंजिनाच्या पेट्रोलमध्येच मिसळायचं आपलं तेल निळं असतं, पन्नास भागांना एक भाग मिसळलं की इंधनाला जेमतेम रंग चढतो, धुतलेल्या पांढऱ्या शर्टाला नीळ जास्त झाल्यासारखा. बाटलीतलं इंधन शाईसारखं निळं होतं. बोटांत घेतलं तर बुळबुळीत. तेल खूप जास्त. मी माझ्या छोट्या डब्यात नवं मिश्रण केलं, नळी त्याला जोडली, प्लग पुसून घातले. आधी धूर ओकला, मग धूर विरळ झाला, मग नाहीसा. आणि इंजिन संथ चालीवर असं लागलं की झाकणावर विसरलेला स्क्रूड्रायव्हर जागचा हलला नाही. इंजिनात काही म्हणजे काहीही बिघडलेलं नव्हतं. ते आपलं जे पाजलं ते पीत होतं.

हे तुला ओरडून सांगायला मी टाकी उचलली. मुठीला चिंधी बांधलेली होती, निळ्या चौकड्याच्या शर्टाची. ती असणारच. चिंधीचा नियम आईचा. बाबा आणि काका एकदा बोट घेऊन गेले आणि तलावाच्या मधोमध पिस्टन अडकून बसला. बाबा म्हणत होते तेल काकांनी घातलं असणार, काका म्हणत होते बाबांनी. घातलं कुणीच नव्हतं. दोघं वल्ही मारत आले आणि धक्क्याला लागल्यावरही भांडतच होते. आईनं उशीच्या जुन्या अभ्र्याची पट्टी टरकावली, टाकीच्या मुठीला बांधली, आणि म्हणाली, "ही दिसली तर तेल घातलंय. नाही दिसली तर घातलेलं नाही. आता तोंडं बंद." टाकी रिकामी झाली की चिंधी सोडायची आणि शेडमधल्या खिळ्याला अडकवायची. त्या दिवसापासून या घरात तेलावरून भांडण झालेलं नाही. तर चिंधी होती. पण मुठीखाली माझ्या बोटांना आणखी एक गाठ लागली. टाकी उलटी करून पाहिली. पहिल्या चिंधीच्या शेजारी दुसरी, दुसरीच्या पलीकडे तिसरी. तिन्ही एकाच शर्टाच्या. तिन्ही गाठी तुझ्या, तो उलटा वेढा तुझ्याशिवाय कुणी घालत नाही.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, तू हे मुद्दाम केलंस. इंजिन बिघडवून माझ्यावर ढकलायचं, मी हात टेकले की चार लोकांत हसायचं. लहानपणी पान्याचा आळ घातलास तसाच. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस असा पोरकटपणा करेल का, हा प्रश्न मला पडला नाही, कारण तुझ्या बाबतीत तो मला कधीच पडत नाही. टाकी हातात घेऊन मी तरातरा तुझ्या घरी आले. मागच्या दारानं, थेट स्वयंपाकघरात. वहिनींसमोर टाकी आदळली आणि म्हटलं, बघा तुमच्या नवऱ्याचे चाळे. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, आवाज खाली. आत्ताच जरा आडवे झालेत." आणि चिंध्यांकडे बघून म्हणाल्या, "तीनच का? परवा चहात साखर चार वेळा घातली. मग अति गोड केला म्हणून माझ्यावरच चिडले."

मी खुर्ची ओढली. बसल्यावर दिसायला लागलं. गॅसच्या बटणाला निळ्या चौकड्याची चिंधी. गोळ्यांच्या डबीला चिंधी. मागच्या दाराच्या कडीला चिंधी. वहिनी म्हणाल्या, "बोटीसाठी हे शर्ट फाडायला बसले, उरलेला मी उचलला. सकाळची गोळी दिली की डबीला बांधायची. नाहीतर म्हणतात, दिलीच नाहीस. आधी मी वाद घालायचे. ओरडून कुणाला आठवत नाही हो." मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे, बोट धूर ओकायला लागली त्याच्या कितीतरी आधीपासून. मग मला का नाही सांगितलंत? तेव्हा त्या पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत बसल्या, आणि खाली बघून म्हणाल्या, "शपथ घातली होती त्यांनी. म्हणाले, ठिणगीला कळलं तर ती आधी बोट काढून घेईल."

दादा, चोर म्हणालास त्याचा राग एक वेळ जाईल. याचा जाणार नाही. म्हणजे तुला कळत होतं. आपण तेल घातलं की नाही हे आपल्याला आठवत नाही, हे तुला ठाऊक होतं, आणि तरी तू दर मंगळवारी एका बाईला आणि लसींच्या पेटीला घेऊन तलाव ओलांडत होतास. आठवत नाही म्हणून पुन्हा घालू, कमी नको पडायला, पिस्टन अडकायला नको. हाच हिशेब केलास ना? आणि मुठीकडे बघायचं सुचलं नाही, किंवा बघितलंस आणि ती चिंधी आजची की मागच्या टाकीची याची खात्री वाटली नाही. हे सगळं मी समजू शकते. जे समजत नाही ते हे, की या सगळ्यात तुला सगळ्यात जास्त भीती वाटली ती माझी. तलावाची नाही, पलीकडच्या खडकांची नाही, माझी! आणि ती झाकायला तू आवाज वाढवलास. हल्ली पहारेकऱ्यावर ओरडतोस, फिटरवर ओरडतोस, वहिनींवर तर उठताबसता. स्क्रू पिळलेलं इंजिन मी महिनाभर ऐकत होते, मला कळायला हवं होतं, पण तू कळू दिलं नाहीस. घरात बहीण आहे, हात काळे करायला तयार आहे, आणि तू आजार लपवण्यासाठी तिलाच चोर ठरवलंस.

आता पुढे काय होणार ते ऐक. विचारत नाही, सांगते आहे. येत्या सोमवारी तू, मी आणि वहिनी शहरात डॉक्टरांकडे जातोय. ते जर तुझ्याकडे न बघताच "वय झालं" म्हणाले तर त्यांना मी फिटरला दिलं तेच उत्तर देईन, आणि दुसरे डॉक्टर शोधीन. कारण शोधायचं ते एकेक वायर काढून शोधायचं. काही कारणं अशीही निघतात की ती दूर करता येतात. निघालं नाही तर निघालं नाही, पण बघितल्याशिवाय मी झाकण बंद करू देणार नाही. बोट मी काढून घेणार नाही. नीट वाच, हे वाक्य दोनदा वाच. बोट मी काढून घेणार नाही. मंगळवारी बोट जाणार, नर्सबाईंना तसं सांगितलंय. मागं इंजिनापाशी मी बसणार, पुढे दोर घेऊन तू. धुक्यात पलीकडचा धक्का हुडकायला या गावात तुझ्याइतका दुसरा कुणी नाही, मी तर नाहीच. तेल मी घालणार, चिंधी तू बांधणार, आणि दोघांनी मिळून मोठ्यानं म्हणायचं, बांधली. एकटा मात्र तू बोटीत पाय ठेवायचा नाहीस. यावर वाद घालायचा असेल तर घाल, मी तुझ्याआधी थकणार नाही.

आणि आता दोरी. हे सगळं, दादा, मी तुला आधीच सांगितलेलं आहे. रविवारी संध्याकाळी, तुझ्या ओट्यावर, वहिनी शेजारी बसलेल्या असताना, याच क्रमानं, कार्बोरेटरपासून चिंध्यांपर्यंत. टाकी तुझ्या मांडीवर ठेवली. तू तिन्ही गाठी बोटांनी एकेक करून चाचपल्यास. मग विचारलंस, "पिस्टन अडकला नाही ना?" मी म्हटलं, नाही. म्हणालास, "मग ठीक." उठलास, आतून लाल दोरी घेऊन आलास. जिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला आणि दुसरं इंजिनाला लावायचं, आणि माणूस पाण्यात पडला तर जी ओढली जाऊन इंजिन आपोआप बंद पडतं, ती दोरी. ती तू स्वतःच्या हातानं माझ्या मनगटाला गुंडाळलीस आणि म्हणालास, "बाबांनी हे इंजिन माझ्या हाती दिलं तेव्हा मी तिशीचा घोडा होतो, तरी तुला जीभ दाखवली होती. घे आता. दाखव जीभ." मी नाही दाखवली. माझ्यानं झालं नाही. तू हसलास, वहिनी उठून आत गेल्या. आणि मंगळवारी सकाळी तू धक्क्यावर रिकामं मनगट चाचपत उभा होतास, आणि मला बघताच म्हणालास, चोर. मी तिथे गप्प राहिले ती यासाठी. चार माणसांदेखत "तूच दिलीस" म्हटलं असतं तर मी जिंकले असते, आणि तू कशानं हरलास ते त्या सगळ्यांना कळलं असतं. ते त्यांना कळायचं तेव्हा तुझ्या तोंडून कळेल. माझा राग अजून आहे, तू तो काढायचा प्रयत्न करू नकोस, तो कुणावर आहे हेही आता मला नीट सांगता येत नाही. पण बोललेलं तुझ्याजवळ राहत नाही, हे मंगळवारी मला कळलं. कागद राहील. दोरी कुठे गेली असं वाटेल तेव्हा तेव्हा हे पत्र काढ आणि पहिल्यापासून वाच. रविवारी जसा गप्प बसून ऐकत होतास, तसाच वाच. दर खेपेला मी तुला पुन्हा सगळं सांगितलं असं होईल, आणि दर खेपेला दोरी तूच मला दिलेली असशील.

तुझीच, अजून धुमसणारी,
ठिणगी

दिल्याघेतल्याची नोंद

तू मला दिलेली: बोटीची लाल दोरी, एक. रविवारी संध्याकाळी, राजीखुशीनं, वहिनींसमोर. खाली वहिनींनी सही केली आहे, ओळख.

मी तुला या पत्राबरोबर, वहिनींच्या हाती, देते आहे ते: शेडची किल्ली, कारण शेड तुझीच आहे. काळे पडलेले दोन प्लग, म्हणजे माझ्या कार्बोरेटरला पुन्हा नावं ठेवणार नाहीस. आणि निळ्या चौकड्याच्या सगळ्या उरलेल्या चिंध्या. पत्र वाचून झालं की यातली एक तुझ्या चष्म्याच्या डबीला बांध. बांधलेली दिसली तर समज, वाचलेलं आहे, ठिणगीशी भांडण मिटलेलं आहे. तीन दिसल्या तरी चालतील. इथे जास्त झाल्यानं काही बिघडत नाही.